बहिणाबाई चौधरी: छोट्या शेतीच्या हिशेबात न धरलेले श्रम

छोट्या शेतीची कार्यक्षमता म्हटली की आपण बियाणे, खत, पाणी आणि भाव यांचा हिशेब मांडतो. घरच्या माणसांचे श्रम, वेळेवर झालेले काम आणि जमिनीवरचा हक्क या तीन गोष्टी मात्र वहीत येत नाहीत. त्यांचे महत्त्व ओळखायचे असेल तर आपल्याच खानदेशातल्या बहिणाबाई चौधरी यांचे आयुष्य शेतकऱ्याच्या नजरेने पाहा.

असोदा ते जळगाव

बहिणाबाईंचा जन्म 1880 मध्ये जळगावजवळच्या असोदा गावी, उखाजी आणि भिमाई महाजन यांच्या शेतकरी घरात झाला. तेराव्या वर्षी जळगावच्या नथुजी चौधरी यांच्याशी त्यांचे लग्न झाले. शाळा त्यांनी पाहिली नाही. दळण, स्वयंपाक, गुरे आणि शेत असा त्यांचा दिवस असे. काम करता करता त्या ओव्या रचत. पेरणी, कापणी, मळणी, उपणणी, विहिरीवरची मोट असा शेतीचा सगळा क्रम त्यांच्या रचनांमध्ये आहे. पीक रोज जवळून पाहिल्याशिवाय असे निरीक्षण होत नाही.

वयाच्या तिशीत त्यांना वैधव्य आले. मोठा मुलगा ओंकार याला प्लेगमुळे कायमचे अपंगत्व आले. मुलगी काशी आणि धाकटा सोपानदेव यांच्यासह संसार त्यांनी कष्टाने सांभाळला. पुढे सोपानदेव कवी झाले. त्यांनी आणि त्यांच्या मावसभावाने आईच्या काही रचना लिहून ठेवल्या, बाकीच्या विरून गेल्या. 3 डिसेंबर 1951 रोजी बहिणाबाईंचे निधन झाले. 1952 मध्ये आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने कवितासंग्रह निघाला आणि हे नाव महाराष्ट्राला कळले. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे.

छोट्या शेताची ताकद

1950 च्या दशकातील शेती व्यवस्थापन सर्वेक्षणांत लहान शेतांचे एकरी उत्पन्न मोठ्या शेतांपेक्षा जास्त आढळले. 1962 मध्ये अमर्त्य सेन यांनी याकडे लक्ष वेधले. घरचे माणूस मजुरीचा हिशेब न करता राबते, हे त्यामागचे एक मोठे कारण. कपाशीला पहिले 45 ते 60 दिवस तणाचा सर्वाधिक फटका बसतो. या काळात निंदणी आठ-दहा दिवस लांबली तर दिलेले खत तणच खाते. घरचे माणूस शेतात असेल तर तण, कीड, सुकवा लवकर दिसतो.

पण हे श्रम फुकट नसतात. घरच्या बायकांची निंदणी आणि वेचणी चालू मजुरीने मांडून पाहा. काही पिकांचा नफा कागदावरून नाहीसा होईल. मग कोणते पीक ठेवायचे, याचा निर्णय वेगळा होऊ शकतो.

छोट्या शेताची जोखीम

जी ताकद तीच जोखीम. कर्ता माणूस गेला किंवा घरात अपंगत्व आले की श्रम, निर्णय आणि पत एकदम घटते. बहिणाबाईंच्या कष्टात कमतरता नव्हती, त्यांना आधार नव्हता. हिंदू वारसा कायदा त्यांच्या मृत्यूनंतर, 1956 मध्ये आला. 2005 च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतका हक्क मिळाला.

आज धारण क्षेत्र आणखी लहान झाले आहे. महाराष्ट्रात ते 1970-71 मध्ये सरासरी 4.28 हेक्टर होते, 2015-16 मध्ये 1.34 हेक्टरवर आले. एवढ्या शेतात एका माणसाची उणीव फार मोठी ठरते. राबणाऱ्या बाईचे नाव सातबाऱ्यावर नसेल, तर पीककर्ज आणि नुकसानभरपाई मिळवताना तिची अडचण होते.

तुम्ही काय कराल?

- हंगामाच्या वहीत घरच्या प्रत्येकाचे कामाचे दिवस लिहा, स्त्रियांचे वेगळे.
- पेरणी, पहिली निंदणी, खताचा हप्ता आणि वेचणी यांच्या तारखा नोंदवा. उशीर का झाला तेही लिहा.
- घरात मृत्यू झाल्यास तीन महिन्यांत वारस नोंदीची माहिती तलाठ्याकडे द्या.
- लक्ष्मी मुक्ती योजनेतून पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावता येते. तलाठ्याकडे चौकशी करा.
- अपघात झाल्यास गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेच्या अर्जाबाबत कृषी सहाय्यकाला विचारा.

विस्तार कार्यकर्त्यांनो, निंदणीचे काम बहुतेक घरांत बाईच करते. पुढच्या शेतीशाळेचे निमंत्रण तिच्या नावाने द्या आणि वेळ तिच्या सोयीची ठेवा.