साहेबाच्या ओट्याची खरी गोष्ट

विजयदुर्ग किल्ल्यावर गेलं की ‘साहेबाचे ओटे’ हमखास दाखवले जातात. १८६८ साली हेलियमचा शोध इथेच लागला, असंही सांगतात. हा साहेब म्हणजे सर नॉर्मन लॉकियर. खरी हकीकत मात्र थोडी वेगळी आहे, आणि मला तरी ती जास्त आवडते.

लॉकियर यांचा जन्म १७ मे १८३६ रोजी इंग्लंडमधल्या रग्बी गावी झाला. विद्यापीठाची पदवी नाही, नोकरी लंडनच्या युद्धखात्यात कारकुनाची. दिवसा फायली आणि फावल्या वेळात दुर्बीण! १८५८ साली विनिफ्रेड यांच्याशी लग्न झालं. या बाईंना फ्रेंच उत्तम येई. खगोलशास्त्रावरच्या एका फ्रेंच पुस्तकाचं भाषांतर त्यांनी केलं आणि संपादन नवऱ्याने.

१८ ऑगस्ट १८६८ रोजी हिंदुस्थानातून खग्रास सूर्यग्रहण दिसलं. गुंटूरहून फ्रान्सच्या जान्सेन यांनी सूर्याच्या कडेच्या ज्वाळा तपासल्या. लॉकियर तेव्हा इंग्लंडातच होते. तिथूनच २० ऑक्टोबरला, ग्रहण नसताना, त्यांनी त्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला.

गॅसच्या ज्योतीवर मिठाचा कण पडला की ज्योत पिवळी होते ना? तो मिठातल्या सोडियमचा रंग. प्रत्येक मूलद्रव्याच्या रंगरेषा अशा ठरलेल्या असतात. सूर्याच्या ज्वाळांतही पिवळी रेषा होती, पण सोडियमच्या जागेपासून जराशी बाजूला. पृथ्वीवरच्या कुठल्याच पदार्थाशी ती जुळेना. म्हणजे हे नवीनच काहीतरी! सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याला हेलियम नाव मिळालं. पण अनेक रसायनशास्त्रज्ञांचा त्यावर विश्वास बसला नाही. १८९५ साली विल्यम रॅम्से यांना एका खनिजातून हा वायू मिळाला, तेव्हा कुठे लॉकियर खरे ठरले. तब्बल सत्तावीस वर्षांनी!

मधल्या काळात ते स्वस्थ बसले नव्हते. १८६९ मध्ये त्यांनी ‘नेचर’ हे विज्ञान साप्ताहिक सुरू केलं आणि पन्नास वर्षं चालवलं.

आपल्या विजयदुर्गला ते आले ते २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. ‘मेल्पोमेनी’ या युद्धनौकेचे खलाशी मदतीला होते. त्यांना आधी शिकवून, सराव करून घेतला; कारण हाती होती जेमतेम दोन मिनिटं.

विनिफ्रेड १८७९ सालीच वारल्या होत्या. १९०३ मध्ये लॉकियर यांनी मेरी ब्रॉडहर्स्ट यांच्याशी लग्न केलं. त्या स्त्रियांच्या मताधिकाराच्या पुरस्कर्त्या. सिडमथ इथे त्यांच्या जागेवर १९१२ साली वेधशाळा उभी राहिली. १६ ऑगस्ट १९२० रोजी लॉकियर गेले.

आज एमआरआयच्या यंत्रातलं चुंबक थंड ठेवायला हाच हेलियम लागतो. दरवर्षी १८ ऑगस्टला विजयदुर्गावर हेलियम दिन साजरा होतो, तो जरूर व्हावा. फक्त मुलांना किल्ला दाखवताना १८६८ आणि १८९८ यांतला फरक सांगूया. आपल्या किल्ल्याचा मान त्याने तसूभरही कमी होत नाही.