नानाभॉय मूस आणि अलिबागची वेधशाळा

घर बांधावयाचे म्हटले, की खिळे, कड्या, बिजागऱ्या यांसाठी लोखंड आलेच. परंतु अलिबागच्या किनाऱ्याजवळ अशी एक वेधशाळा आहे, की जिच्या बांधकामात लोखंड कटाक्षाने टाळले गेले. ही वेधशाळा म्हणजे डॉ. नानाभॉय मूस यांच्या दूरदृष्टीचे फळ होय.

नानाभॉयांचा जन्म १८५९ साली एका पारशी कुटुंबात झाला. एडिंबरो येथे शिक्षण घेऊन ते मायदेशी परतले व १८९६ साली मुंबईच्या कुलाबा वेधशाळेचे प्रमुख झाले. हा मान मिळविणारे ते पहिलेच भारतीय.

आपली पृथ्वी हा एक प्रचंड लोहचुंबक आहे. तिचे चुंबकीय बल सतत किंचित बदलत असते. हे बदल डोळ्यांना दिसत नाहीत. पण टांगलेल्या चुंबकसूचीला ते जाणवतात. कुलाब्यास १८४६ पासून त्यांची अखंड नोंद होत होती.

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्रॅमगाड्या आणण्याचे ठरले. रुळांतून जमिनीत झिरपणाऱ्या विजेमुळे सूची ढळली असती आणि नोंदी निरुपयोगी झाल्या असत्या. लोकांची सोय अडविता येत नव्हती. नोंद खंडित झाली असती, तर गेलेला काळ पुन्हा मोजता येणार नव्हता. नानाभॉयांनी मार्ग काढला. मुंबईच्या दक्षिणेस सुमारे ३० किलोमीटरांवरील अलिबाग त्यांनी निवडले.

सह्याद्रीचा काळा पाषाण बळकट खरा. परंतु त्यात चुंबकीय खनिजे असतात. म्हणून पोरबंदरचा वालुकाश्म पारखून आणविला आणि कड्या-कोयंड्यांसाठी तांबे व पितळ वापरले. बाहेरच्या उष्णतेने उपकरणे बिघडू नयेत, अशी भिंतींची रचना केली.

तरीही नानाभॉयांनी घाई केली नाही. १९०४ ते १९०६ या काळात कुलाबा व अलिबाग या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या. त्या ताडून पाहिल्यामुळे जुन्या व नव्या नोंदींचा धागा अचूक जुळला. पुढे १९०७ साली मुंबईत विजेची ट्रॅम धावू लागली. कुलाब्याच्या साठ वर्षांच्या नोंदींचे ग्रंथ नानाभॉयांनी १९१० साली प्रसिद्ध केले.

१९१९ साली ते निवृत्त झाले व १९३६ साली निधन पावले. मुंबईची ट्रॅम १९६४ साली बंद झाली. अलिबागची नोंद मात्र अद्याप चालू आहे. आज तेथील इलेक्ट्रॉनिक उपकरणांनी टिपलेली माहिती संगणकांद्वारे जगभरच्या शास्त्रज्ञांना मिळते. जे डोळ्यांना दिसत नाही, त्याच्यासाठीही निगुतीने घर बांधावे लागते, हे नानाभॉयांनी वेळीच ओळखले होते.