कवी जॉन ड्रायडन : राजकवीपद गेले, श्रद्धा राहिली



लॅटिन म्हटले की आपल्या घरातील वयोवृद्धांना जुनी मिस्सा आठवते. परंतु लॅटिन ही केवळ उपासनेची भाषा नव्हे. ख्रिस्तजन्माच्या आगेमागे रोममध्ये व्हर्जिल, होरेस, ओव्हिड, जुव्हेनल असे थोर कवी याच भाषेत लिहून गेले. आज जगभर त्यांची काव्ये वाचली जातात ती बहुधा भाषांतरातून. अशा भाषांतरकारांत ज्यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते ते म्हणजे इंग्रज कवी जॉन ड्रायडन. या रविवारी आपण त्यांची ओळख करून घेऊ या. त्यांनी व्हर्जिल इंग्रजीत आणला तो मानाचे पद आणि पगार हातचे गेल्यानंतर, आणि ते गेले श्रद्धेपायी.

ड्रायडन यांचा जन्म ९ ऑगस्ट १६३१ रोजी इंग्लंडमधील ऑल्डविंकल या खेड्यात झाला. १४ भावंडांत ते थोरले. घराणे प्युरिटन, म्हणजे कडव्या प्रॉटेस्टंट विचारांचे. लंडनच्या वेस्टमिन्स्टर शाळेत रिचर्ड बझ्बी नावाचे कडक शिस्तीचे मुख्याध्यापक होते. ते विद्यार्थ्यांकडून लॅटिन कवितांचे इंग्रजी पद्यात भाषांतर करून घेत. पर्सियस या रोमन कवीच्या एका कवितेचे भाषांतर ड्रायडन यांनी गुरुवार रात्रीचा गृहपाठ म्हणून तेथेच केले. शाळेत लागलेली ही गोडी त्यांना जन्मभर पुरली. पुढे केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजातून ते १६५४ साली पदवीधर झाले.

तो काळ मोठ्या उलथापालथीचा होता. राजाला फाशीच्या चौथऱ्यावर नेऊन त्याचा शिरच्छेद करण्यात आला होता आणि सत्ता ऑलिव्हर क्रॉमवेल यांच्या हाती आली होती. १६५८ साली क्रॉमवेल वारले. त्यांच्या अंत्ययात्रेत कवी मिल्टन यांच्याबरोबर तरुण ड्रायडनही होते. त्यांच्या गौरवाची कविताही त्यांनी लिहिली. दोनच वर्षांनी राजा दुसरा चार्ल्स गादीवर परतला, तेव्हा ड्रायडन यांनी राजाचे स्वागतगीत रचले! १६६८ साली ते राजकवी झाले, १६७० साली दरबारी इतिहासकारही झाले. वारा येईल तशी पाठ देणारा माणूस, अशी टीका त्यांच्यावर झाली. ती अगदीच निराधार होती असे म्हणता येत नाही.

१६८२ साली त्यांनी अँग्लिकन चर्चची बाजू मांडणारे काव्य प्रसिद्ध केले. १६८५ साली दुसरा जेम्स राजा झाला. तो कॅथलिक होता. त्याच सुमारास ड्रायडन यांनीही कॅथलिक श्रद्धा स्वीकारली. मग काय, लोकांना आयताच विषय मिळाला. राजाची मर्जी राखण्यासाठी धर्म बदलला, असे उघड बोलले जाऊ लागले. १६८७ साली त्यांनी ख्रिस्तसभेला शुभ्र हरिणीची आणि अँग्लिकन चर्चला चित्त्यासारख्या श्वापदाची उपमा देऊन दीर्घ काव्य लिहिले. तरीही संशय फिटला नाही.

परीक्षेची घडी लवकरच आली. १६८८ साली जेम्सला देश सोडून पळावे लागले आणि प्रॉटेस्टंट विल्यम व मेरी सिंहासनावर बसले. सरकारी पद टिकवायचे तर नव्या राजसत्तेशी निष्ठेची शपथ घ्यायची, शिवाय मिस्सेत भाकर व द्राक्षरस ख्रिस्ताचे शरीर व रक्त होतात हे आपण मानत नाही, असे जाहीर करायचे. ज्याने यापूर्वी दोनदा वाऱ्याबरोबर पाठ फिरवली होती, त्याला तिसऱ्यांदा ते अवघड नव्हते. या वेळी मात्र ड्रायडन यांनी नकार दिला. राजकवीपद गेले, दरबारी इतिहासकाराचे पद गेले आणि पगारही थांबला. राजकवीपद मिळाले ते टॉमस शॅडवेल यांना. हे तेच कवी, ज्यांची ड्रायडन यांनी आपल्या काव्यात भरपूर टर उडवली होती. पुढे कॅथलिकांवर जमिनीचा करही दुप्पट बसला. ड्रायडन साठीला टेकले होते, प्रकृती साथ देत नव्हती.

आता पोटापाण्याचे साधन उरले ते लेखणी. त्यांनी काही नाटके लिहिली, पण मुख्य आधार झाला तो शाळेत शिकलेल्या लॅटिनचा. भाषांतर कसे करावे याचा विचार त्यांनी १६८० सालीच ओव्हिडच्या भाषांतराच्या प्रस्तावनेत मांडला होता. त्यांच्या मते भाषांतराचे तीन मार्ग आहेत. पहिला, शब्दाला शब्द ठेवणे. दुसरा, मूळ कवी नजरेआड होऊ न देता त्याचा आशय आपल्या भाषेच्या वळणाने सांगणे. तिसरा, मूळ केवळ निमित्ताला घेऊन स्वतःचेच काही लिहिणे. पहिल्यात कविता मरते, तिसऱ्यात मूळ कवी हरवतो. म्हणून त्यांनी मधला मार्ग पसंत केला. पवित्र शास्त्र आणि प्रार्थना आपण मराठीतून ऐकतो, तेव्हा या प्रश्नाचे मोल आपल्यालाही कळते.

जुव्हेनल व पर्सियस यांच्या उपरोधिक कवितांचे भाषांतर त्यांनी प्रथम हाती घेतले. जुव्हेनलच्या कामात त्यांचे चार्ल्स व जॉन हे दोन मुलगे आणि इतर मंडळीही सहभागी झाली. त्यानंतर १६९४ साली प्रकाशक जेकब टॉन्सन यांच्याशी करार करून त्यांनी संपूर्ण व्हर्जिल अंगावर घेतला. गुराख्यांची दहा गीते, शेतीवरील चार सर्ग आणि 'ईनिड' हे बारा सर्गांचे महाकाव्य. एकटी 'ईनिड' मुळात सुमारे १० हजार ओळींची! जळत्या ट्रॉय नगरीतून वृद्ध पित्याला खांद्यावर घेऊन निघालेल्या ईनियसची ती कथा. या कामात त्यांना मोठी मदत झाली ती शार्ल द ला र्‍यू या फ्रेंच येशूसंघीय धर्मगुरूंची. त्यांनी १६७५ साली व्हर्जिलची टीपांसह आवृत्ती काढली होती. आधीच्या अनेक भाषांतरकारांकडूनही ड्रायडन यांनी मुक्तहस्ते घेतले. नाटककार विल्यम कॉन्ग्रीव्ह यांनी 'ईनिड'चे भाषांतर मुळाशी ताडून पाहिले. आजारपणात, मित्रांच्या घरी राहून, तीन वर्षांत हे काम तडीस गेले.

ग्रंथाचा खर्च आगाऊ वर्गणीतून उभा राहिला. प्रत्येकी ५ गिनी देणारे १०१ वर्गणीदार मिळाले. ग्रंथात १०१ चित्रे होती आणि प्रत्येक चित्राखाली एकेका वर्गणीदाराचे नाव व मानचिन्ह छापले गेले. त्यात ड्रायडन यांच्या राजकीय विरोधकांचीही नावे होती, हे विशेष.

टॉन्सन यांची इच्छा होती की ग्रंथ राजा विल्यमला अर्पण करावा. तसे केले असते तर इनामाची आशा होती. ड्रायडन यांनी ते मानले नाही. १६९७ साली ग्रंथ प्रसिद्ध झाला तेव्हा त्याचे तीन भाग तीन वेगवेगळ्या सरदारांना अर्पण केलेले होते. त्यांपैकी लॉर्ड क्लिफर्ड कॅथलिक होते. प्रकाशकाने मात्र चित्रांतील ईनियसचे नाक कोरून विल्यमसारखे बाकदार करून घेतले! चित्र बदलले, अर्पणपत्रिका बदलली नाही.

ग्रंथावर टीकाही झाली. ल्यूक मिलबर्न या अँग्लिकन धर्मगुरूंनी १६९८ साली दोष दाखवणारे पुस्तकच काढले. परंतु वाचकांनी ड्रायडन यांचा व्हर्जिल उचलून धरला आणि तो आजही छापला व अभ्यासला जातो. पुढे अलेक्झांडर पोप या कॅथलिक कवीने होमरचे भाषांतर केले तेही याच वर्गणीच्या वाटेने.

ड्रायडन यांचे तिन्ही मुलगे कॅथलिक राहिले. धाकटा इरॅस्मस-हेन्री डॉमिनिकन धर्मगुरू झाला. मार्च १७०० मध्ये ड्रायडन यांचे शेवटचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यातही ओव्हिडच्या कथा होत्या. १ मे १७०० रोजी लंडन येथे त्यांनी देह ठेवला. ज्या राजसत्तेने पद काढून घेतले, तिच्याच राजधानीत वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये कवी चॉसर यांच्या थडग्याशेजारी त्यांना पुरण्यात आले.

ड्रायडन संत नव्हते. त्यांची जीभ तिखट होती आणि पूर्वायुष्यात त्यांनी बाजूही बदलल्या होत्या. परंतु माणसाच्या श्रद्धेची पारख ती फायद्याची असताना होत नाही, ती तोट्याची झाली म्हणजे होते. अशी वेळ आली तेव्हा ते डगमगले नाहीत आणि रडतही बसले नाहीत. मुलाबाळांपैकी कुणाला श्रद्धेपायी नोकरीत वा समाजात काही सोडावे लागले, तर आपण त्यांना या वृद्ध कवीची गोष्ट जरूर सांगू या.