सेठ जमनालाल बजाज

राजस्थानातील सीकरजवळ काशी का बास नावाचे एक लहानसे खेडे आहे. तेथील कनीराम व बिरदीबाई या सामान्य परिस्थितीतील दांपत्याच्या पोटी ४ नोव्हेंबर १८८९ रोजी जमनालालांचा जन्म झाला. वर्ध्याचे धनाढ्य व्यापारी सेठ बच्छराज यांनी पाच वर्षांच्या या मुलाला नातू म्हणून दत्तक घेतले. त्याच्या मोबदल्यात आईवडिलांनी स्वतःसाठी काहीच मागितले नाही. बच्छराजांनी गावात एक विहीर बांधून दिली. वाळवंटालगतच्या त्या मुलखात पाण्याचे मोल पैशापेक्षा मोठे होते.

वर्ध्यास जमनालालांचे शालेय शिक्षण प्राथमिक इयत्तांपुरतेच झाले. पुढचे शिक्षण पेढीवरच्या चोपड्यांनी आणि कापसाच्या बाजाराने दिले. त्यांना खर्चासाठी रोज एक रुपया मिळत असे. लोकमान्य टिळकांच्या केसरीची हिंदी आवृत्ती नागपुरातून निघणार असे कळताच, साठवलेले शंभर रुपये त्यांनी त्या कार्यास दिले. पुढे त्यांनी लाखांनी दान केले, पण या शंभर रुपयांचे समाधान काही वेगळेच होते.

सतराव्या वर्षी एक कसोटीचा प्रसंग आला. एका लग्नसमारंभास जाताना अंगावर दागिने घालावेत, असा आजोबांचा आग्रह होता. जमनालालांनी नकार दिला. संतापाच्या भरात आजोबांनी आपल्या संपत्तीचा उल्लेख करून त्यांना दुखावले. तरुण नातवाने घर सोडले आणि त्या संपत्तीवरील आपला सर्व हक्क सोडत असल्याचे पत्र लिहून पाठवले. पत्रात संताप नव्हता. आजोबांविषयी आदर आणि लक्ष्मीविषयी सावधपणा होता. आजोबांना पश्चात्ताप झाला व त्यांनी नातवाला परत आणले. १९०७ साली आजोबा वारले आणि नाकारलेली संपत्ती जमनालालांच्याच हाती आली. मात्र सोडलेला हक्क त्यांनी मनाने पुन्हा घेतला नाही. या धनाचे आपण मालक नसून विश्वस्त आहोत, या भावनेने त्यांनी कारभार पाहिला.

गांधीजी आफ्रिकेतून परतल्यावर जमनालाल त्यांच्याकडे ओढले गेले. १९२० च्या डिसेंबरमध्ये नागपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा ते स्वागत समितीचे अध्यक्ष होते. त्याच वेळी त्यांनी गांधीजींना एक आगळी विनंती केली : आपल्याला पाचवा पुत्र म्हणून स्वीकारावे. धनिकाने दान देणे नवे नव्हते. स्वतःलाच देऊन टाकणे नवे होते. असहकारासाठी वकिली सोडणाऱ्यांच्या निर्वाहासाठी त्यांनी एक लाख रुपये दिले. सरकारने दिलेली रायबहादुर ही पदवी परत केली. घरातील विलायती कापड अग्नीच्या स्वाधीन झाले. पत्नी जानकीदेवींनी दागिने व पडदा दोन्ही सोडले. काँग्रेसचे कोषाध्यक्षपद त्यांच्याकडे आले. सार्वजनिक पैशाचा हिशेब कसा ठेवावा, हे त्यांना पेढीनेच शिकवले होते.

१९२३ च्या नागपूर झेंडा सत्याग्रहात त्यांना तुरुंगवास व दंड झाला. दंड वसूल करण्यासाठी सरकारने त्यांची मोटार जप्त केली. पण नागपुरात तिला कोणी बोली लावेना.

तुरुंगापेक्षाही कठीण लढाई घरच्या देवळात होती. बच्छराजांनी वर्ध्यास लक्ष्मीनारायणाचे मंदिर बांधले होते. जुलै १९२८ मध्ये जमनालालांनी त्याचे दार अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना उघडले. स्वजातीचा रोष पत्करणे व्यापाऱ्याला परवडणारे नसते, कारण सोयरीक आणि उधारी दोन्ही जातीवर चालतात. हा तोटा त्यांनी उघड्या डोळ्यांनी स्वीकारला.

१९२१ पासून विनोबा भावे वर्ध्यास आश्रम चालवीत होते. स्वराज्याविना साबरमतीस परतणार नाही, असे ठरवून १९३० साली गांधीजी दांडीयात्रेस निघाले होते. जमनालालांच्या आग्रहावरून ते पुढे वर्ध्यास आले. आपली बाग व घर जमनालालांनी ग्रामोद्योगासाठी दिले, तीच मगनवाडी. १९३६ मध्ये गांधीजी जवळच्या शेगावी राहावयास गेले. तेथील बरीचशी जमीन जमनालालांचीच होती. हेच गाव पुढे सेवाग्राम झाले. वर्ध्यातील बजाजवाडीत देशभरचे पुढारी उतरत.

जन्मभूमीचाही त्यांना विसर पडला नव्हता. संस्थानी प्रजेच्या हक्कांसाठी जयपूर प्रजामंडळाचे नेतृत्व करताना १९३९ मध्ये बंदी मोडून ते जयपुरात शिरले व बंदिवान झाले.

अखेरच्या काळात राजकारणापासून दूर होऊन ते वर्ध्याजवळ गोपुरीत साध्या कुटीत राहू लागले. गोसेवा हे त्यांचे शेवटचे व्रत ठरले. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी त्यांचे अकस्मात निधन झाले. त्यानंतर पाचच महिन्यांनी, १४ जुलै रोजी, काँग्रेस कार्यकारिणीने इंग्रजांनी भारत सोडावा, असा ठराव केला. ती बैठक वर्ध्यासच भरली होती.