लक्ष्मीबाई टिळक यांची क्षमा

नारायण वामन टिळक यांनीं १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला, तेव्हां लक्ष्मीबाईंचें वय अवघें सव्वीस-सत्तावीस होतें. पदरीं लहानगा दत्तू. पति जिवंत असून संसार मोडला. अशा स्त्रीची त्या काळीं काय अवस्था होत असे, हें आमच्या आजच्या विद्यार्थ्यांस कल्पनेनेंच जाणावें लागेल.

बाईंचा जन्म १८६८ सालीं नाशिकजवळील जलालपुरचा. वडिलांचें सोंवळें इतकें कडक, कीं बाजारांतून आलेलें मीठदेखील घरांत धुऊन घेत. शाळेचें तोंड त्यांनीं पाहिलें नाहीं. अशा घरांत वाढलेल्या मुलीस पतीचें धर्मान्तर म्हणजे वज्राघातच! पुढचीं चार-पांच वर्षें त्यांनीं पंढरपूर, नाशिक येथें आप्तांच्या आश्रयानें काढलीं. शोकानें त्यांचें शरीर खंगलें. त्यांचा राग अन्यायाचा होता असें आम्हांस म्हणवत नाहीं.

पुष्कळांची समजूत अशी, कीं बाई आधीं ख्रिस्ती झाल्या व मग त्यांनीं पतीस क्षमा केली. घडलें तें याच्या उलट. त्या नगरास पतीकडे परत आल्या त्या हिंदु म्हणूनच. चूल निराळी, पाणी निराळें. टिळकांनींही, स्वभावानें तापट असतां, धर्माच्या बाबतींत त्यांजवर सक्ती केली नाहीं. मनुष्यामनुष्यांतील उच्चनीच भेद ईश्वरानें केले नसावेत, हा विचार बाईंच्या मनांत हळूहळू, स्वतःच्याच बुद्धीनें उगवला. आणि १९०० सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. श्रद्धा अशी क्षमेच्या मागून आली.

संसार मात्र सोपा झाला नाहीं. हातीं आलेला पैसा दुसऱ्यास देऊन टाकावयाचा, ही टिळकांची रीत. घरांत उद्यां काय शिजेल ही चिंता बाईंची. ‘स्मृतिचित्रें’ ज्यांनीं वाचलीं असतील त्यांस ठाऊक आहे, कीं पतीचा एकही दोष त्यांनीं झांकला नाहीं. पण ते सांगतांना त्या हंसतात. (हें पुस्तक आमच्या विद्यार्थ्यांनीं एकदां तरी समग्र वाचावें.)

९ मे १९१९ रोजीं टिळक मुंबईस निवर्तले. त्यांचें ‘ख्रिस्तायन’ हें महाकाव्य अपुरें राहिलें होतें. ज्या श्रद्धेनें एके काळीं आपलें घर मोडलें, तिचेंच काव्य पुरें करावयास बाई बसल्या. १९३६ च्या फेब्रुवारींत त्यांचें देहावसान झालें, तोंवर त्यांचे ६४ अध्याय लिहून झाले होते.