ढाक्याच्या शिक्षकाची मोजणी आणि प्रकाशावर चालणारी क्वांटम चिप

क्वांटम कॉम्प्युटर म्हटलं की छताला टांगलेलं, सोनेरी झुंबरासारखं दिसणारं यंत्र डोळ्यांसमोर येतं. पण या शर्यतीत आणखी एक गडी आहे. सिलिकॉनची छोटीशी चिप, तिच्यावर कोरलेल्या, केसाच्या शंभराव्या भागाहूनही अरुंद वाटा आणि त्या वाटांवरून विजेऐवजी धावणारा प्रकाश. याला म्हणतात इंटिग्रेटेड फोटॉनिक्स. प्रकाशाचे कण, म्हणजे फोटॉन, वापरून या चिपवर क्वांटम गणित करायचं असेल, तर त्यांचा एक विचित्र स्वभाव कामाला येतो. त्या स्वभावाचा पहिला हिशेब मांडला तो सत्येंद्रनाथ बोस यांनी, १९२४ साली, ढाक्यात बसून.

बोस यांचा जन्म १ जानेवारी १८९४ चा, कोलकात्यातला. वडील रेल्वेत नोकरीला. प्रेसिडेन्सी कॉलेजात जगदीशचंद्र बोस आणि प्रफुल्लचंद्र राय यांच्यासारखे शिक्षक लाभले. १९१५ साली एम.एस्सी.ला ते पहिले आले. दुसरा क्रमांक होता मेघनाद साहा यांचा! पुढे या दोघांनी मिळून आइनस्टाइन यांचे सापेक्षतेवरचे जर्मन लेख इंग्रजीत आणले. १९२१ साली ढाका विद्यापीठ सुरू झालं आणि बोस तिथे शिकवायला गेले.

वर्गात त्यांना एक गोष्ट खटकत होती. तापलेली वस्तू कोणत्या रंगाचा किती प्रकाश देते, याचं सूत्र माक्स प्लांक यांनी १९०० साली दिलं होतं. सूत्र अचूक होतं, पण ते सिद्ध करताना अर्धी जुनी भौतिकी आणि अर्धी नवी, अशी खिचडी करावी लागायची. विद्यार्थ्यांना हे कसं पटवायचं? बोस यांनी प्रकाशाला सरळ कणांचा वायू मानलं आणि त्या कणांची मोजणीच वेगळ्या पद्धतीने केली.

ती समजून घ्यायला दोन लाडू आणि दोन डबे घ्या. दोन्ही लाडू पहिल्या डब्यात, दोन्ही दुसऱ्यात, हा इकडे तो तिकडे किंवा तो इकडे हा तिकडे. एकूण चार शक्यता. त्यातल्या दोन शक्यतांमध्ये लाडू एकाच डब्यात आहेत. बोस यांच्या मोजणीत शेवटच्या दोन शक्यता मिळून एकच होते, कारण फोटॉनच्या बाबतीत 'हा' आणि 'तो' असा फरकच नसतो. मग शक्यता उरतात तीन आणि एकत्र असण्याची संधी निम्म्यावरून दोन तृतीयांश होते. म्हणजे फोटॉन एकमेकांच्या सोबतीला ओढ घेतात. तीही एकमेकांना न ओढता!

लंडनच्या 'फिलॉसॉफिकल मॅगझिन'ला पाठवलेला हा लेख छापून आला नाही. डॉक्टरेट नसलेल्या, युरोपात कुणाच्या ओळखीत नसलेल्या तिशीतल्या शिक्षकाने मग ४ जून १९२४ रोजी तो थेट आइनस्टाइन यांना पाठवला. आइनस्टाइन यांनी त्याचं स्वतः जर्मनमध्ये भाषांतर करून 'त्साइटश्रिफ्ट फ्युअर फिजिक' या नियतकालिकात छापून आणला. त्यांच्या पोस्टकार्डाच्या जोरावर बोस यांची युरोपसाठी दोन वर्षांची रजाही मंजूर झाली. गंमत म्हणजे, आपण काही फार नवीन करतोय असं तेव्हा वाटलं नव्हतं, हे बोस यांनीच नंतर सांगितलं आहे. अशा कणांना पुढे पॉल डिरॅक यांनी त्यांच्यावरून नाव दिलं, बोसॉन.

आता चिपकडे वळू. १९८७ साली अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात हाँग, ओउ आणि मँडेल यांनी अर्धपारदर्शक आरशावर दोन बाजूंनी दोन अगदी सारखे फोटॉन सोडले. आपला अंदाज काय असेल? निम्म्या वेळा ते वेगवेगळ्या दिशांना जातील. प्रत्यक्षात ते जोडीनेच एका बाजूला बाहेर पडतात. वेगळे होण्याचे दोन मार्ग आहेत, दोघेही परावर्तित होणं किंवा दोघेही आरपार जाणं. फोटॉन ओळखू येत नसतील, तर हे दोन मार्ग एकमेकांना रद्द करतात. २००१ साली निल, लाफ्लाम आणि मिलबर्न यांनी दाखवून दिलं की या परिणामाच्या आधारे, एकेक फोटॉन देणारे स्रोत आणि शोधक वापरून, क्वांटम कॉम्प्युटर बनवता येईल.

पण आरसे टेबलावर मांडून हे किती वाढवणार? जरा धक्का लागला की जुळणी बिघडते. चिपवर आरशाऐवजी दोन वाटा इतक्या जवळ आणतात की प्रकाश एकीतून दुसरीत झिरपतो. सगळं एकाच तुकड्यावर कोरलेलं, त्यामुळे हलायचा प्रश्न नाही. २००८ साली ब्रिस्टल विद्यापीठाच्या गटाने अशी क्वांटम मंडलं चिपवर चालवून दाखवली.

खरी अडचण बोस यांच्याच अटीत आहे. फोटॉन अगदी सारखे हवेत. रंगात किंवा येण्याच्या वेळेत थोडा फरक पडला, की 'हा' आणि 'तो' वेगळे ओळखू येतात आणि जादू विरते. शिवाय वाटेत काही फोटॉन हरवतात, आणि चांगले शोधक अजून शून्याखाली सुमारे २७० अंशांपर्यंत थंड करावे लागतात. म्हणजे झुंबरापासून पूर्ण सुटका नाहीच.

बोस मात्र १९२४ च्या त्या शिखरावर रेंगाळले नाहीत. त्यांनी संशोधनलेख मोजकेच लिहिले. १९४५ मध्ये ते कोलकात्याला परतले, १९४८ मध्ये बंगालीतून विज्ञान पोहोचवण्यासाठी त्यांनी बंगीय विज्ञान परिषद उभी केली, आणि मन रमवायला एसराज होताच. नोबेलसाठी त्यांची शिफारस झाली, पण ते मिळालं नाही. मला स्वतःला त्या हुकलेल्या नोबेलपेक्षा मातृभाषेतल्या विज्ञानाचं त्यांचं काम जास्त सांगण्यासारखं वाटतं. ४ फेब्रुवारी १९७४ रोजी कोलकात्यात त्यांचं निधन झालं. रॉचेस्टरचा तो प्रयोग व्हायला तेव्हा अजून १३ वर्षं होती.