प्रेमचंद आणि गिरणी संपाचा हरवलेला चित्रपट

हिंदी आणि उर्दू कथासाहित्याचे अग्रणी मुन्शी प्रेमचंद १९३४ च्या उन्हाळ्यात मुंबईत दाखल झाले, ते कर्जाचे ओझे घेऊनच. बनारसमधील त्यांचे सरस्वती मुद्रणालय, ‘हंस’ मासिक आणि ‘जागरण’ साप्ताहिक हे तिन्ही उद्योग तोट्यात होते. अशा वेळी मोहन भवनानी यांच्या अजंता सिनेटोन या कंपनीने त्यांना वर्षाला सुमारे ८ हजार रुपयांचा करार देऊ केला आणि त्यांनी तो स्वीकारला.

३१ जुलै १८८० रोजी बनारसजवळील लमही येथे जन्मलेल्या या लेखकाचे मूळ नाव धनपतराय. नवाबराय या नावाने लिहिलेला त्यांचा ‘सोजे वतन’ हा कथासंग्रह इंग्रज सरकारने जप्त केला, तेव्हा त्यांनी प्रेमचंद हे नाव घेतले. पुढे १९२१ मध्ये गांधीजींच्या आवाहनानंतर त्यांनी सरकारी नोकरीही सोडली.

मुंबईत त्याच वर्षी एप्रिलमध्ये कापड गिरण्यांतील कामगारांचा सार्वत्रिक संप सुरू झाला होता. भवनानींसाठी प्रेमचंद यांनी लिहिलेली ‘मजदूर’ अर्थात ‘मिल’ या चित्रपटाची कथा याच वातावरणातील होती. गिरणीमालकाच्या मृत्यूनंतर उधळ्या मुलाच्या जुलमाविरुद्ध कामगार संप पुकारतात आणि मालकाची मुलगीच त्यांच्या बाजूने उभी राहते, असे तिचे कथानक. मिस बिब्बो आणि जयराज यांच्या त्यात प्रमुख भूमिका होत्या. स्वतः प्रेमचंदही एका छोट्या भूमिकेत पडद्यावर दिसले. मालक आणि कामगार यांच्यातील तंटा सोडवणाऱ्या पंचाची ती भूमिका होती.

मुंबईच्या परिनिरीक्षण मंडळाने मात्र चित्रपट रोखला. कामगारांना चिथावणी मिळेल, ही भीती त्यामागे होती आणि गिरणीमालकांचे वजन शहरात किती होते, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. काही भाग कापल्यानंतर लाहोर, दिल्ली यांसारख्या शहरांत तो दाखवला गेला, पण तेथेही अडचणी आल्याच.

याच सुमारास बनारसमध्ये सरस्वती मुद्रणालयातील कामगारांनी थकीत वेतनासाठी संप केला. त्यांनी हे बळ ‘मजदूर’वरूनच घेतले, असेही सांगितले जाते. ते खरे असो वा नसो, पडद्यावरील पंचाला प्रत्यक्षात मालकाच्या जागी उभे राहावे लागले. वेतन थकले होते आणि मालकाकडे पैसे नव्हते. एवढ्या साध्या कारणाचा संप चित्रपटांत क्वचितच दिसतो!

चित्रपटसृष्टीत प्रेमचंद यांचे मन रमले नाही. वर्षही पुरे न करता १९३५ मध्ये ते बनारसला परतले. १९३६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गोदान’ कादंबरीत साखर कारखान्यातील संप आहे. तेथे मालक आणि कामगार यांचा समेट घडवणारा पंच मात्र नाही. कारखाना आगीत भस्मसात होतो. त्याच वर्षी ८ ऑक्टोबर रोजी त्यांचे निधन झाले.

‘मजदूर’ची प्रत आज उपलब्ध असल्याचे ज्ञात नाही. प्रेमचंद यांच्या आयुष्याचा विस्तृत वृत्तांत वाचकांना मिळतो तो मुख्यतः त्यांचे पुत्र अमृतराय यांच्या ‘कलम का सिपाही’ या चरित्रातून. हे अमृतराय जबलपूरचे जावई. तेथील कवयित्री सुभद्राकुमारी चौहान यांची कन्या सुधा त्यांची पत्नी होती. या चरित्राला १९६३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.